कुकरच्या शिट्टीसकट पाठ

मैत्रिणींनो, या आठवड्यात खरं म्हणजे लोणच्याच्या बरण्यांबद्दल लिहायचं कबूल केलं होतं. ते पुढच्या अंकात नक्की. आज मात्र मनात दुसरंच घोळतंय, आणि जिच्या घरी अकरा-बारा वर्षांचं मूल आहे तिच्या ते कामाचंही आहे. तेव्हा गॅस बारीक करा आणि पाच मिनिटं बसा.

तुम्हांला ठाऊकच आहे, घरचं आवरून सकाळचे तीन तास मी एका शाळेत शिकवते. शाळा अगदी लहान. वसईच्या पश्चिमेला, केळीच्या आणि पानवेलीच्या वाड्यांमध्ये, चर्चच्या मागल्या अंगाला चार खोल्या नि एक व्हरांडा. पहिली ते चौथी, मराठी माध्यम. मुख्याध्यापिका म्हणजे आमच्या सिस्टर. मुलं बहुतेक तिथल्याच ख्रिस्ती शेतकऱ्यांची, घरी सामवेदी बोलणारी. काही वाडवळांची, काही वाड्यांवर कामाला आलेल्या वारली कुटुंबांची. मी नगरकडची, लग्न होऊन इकडे आले. पहिल्या वर्षी मुलांचं आपसातलं बोलणं मला निम्मंच कळे, आणि माझी फजिती बघून ती खुदुखुदू हसत. मराठी आणि कार्यानुभव हे माझे विषय. कार्यानुभव म्हणजे काजं-बटणं, कागदकाम, क्वचित कोशिंबीर.

तर झालं असं की, शाळेची स्मरणिका निघायची आहे. दर वर्षाला एक पान, एकेका शिक्षिकेनं एकेक वर्ष वाटून घ्यायचं. स्नेहसंमेलनाची, सहलीची वर्षं पटापट संपली. २०२०-२१ चं पान कुणी उचलीना. शेवटी सिस्टर माझ्याकडे वळून म्हणाल्या, "टीचर, पहिलीला तेव्हा तुम्ही होतात. तुम्हीच लिहा."

मी लिहिलं हो! एका रात्रीत लिहिलं. 'महामारीच्या काळातही शाळेने ज्ञानदानाचा यज्ञ अखंड तेवत ठेवला' अशी सुरुवात. (यज्ञ तेवत नाही, दिवा तेवतो, हे मागाहून ध्यानात आलं.) ऑनलाइन वर्ग, पालकांचा उत्स्फूर्त सहभाग, शंभर टक्के प्रतिसाद, सगळं घातलं. सिस्टरनी शांतपणे वाचलं, चष्मा काढला आणि विचारलं, "ही कुठली शाळा?"

म्हणून दुसऱ्यांदा लिहायला बसले, आणि त्या पानात जे मावेना ते तुम्हांला सांगतेय.

मार्च २०२० च्या मध्यावर शाळा बंद झाल्या तेव्हा आम्ही फळ्यावरची तारीखसुद्धा पुसली नव्हती. आठ-पंधरा दिवसांचा तर प्रश्न आहे, असंच सगळ्यांना वाटलं. मग २४ मार्चच्या रात्री देशभर टाळेबंदी जाहीर झाली. लोकलगाड्या बंद. आमच्याकडच्या कितीतरी बायका पहाटेच्या गाडीनं भाजी, फुलं, केळी घेऊन मुंबईच्या बाजारात जात. त्यांचा माल वाडीतच पडून राहिला. १२ एप्रिलला ईस्टर होता. चर्चचं दार बंद आणि मिस्सा मोबाईलवर. आमच्या शेजारच्या आजी त्या दिवशी नवं लुगडं नेसून, डोक्यावर पदर घेऊन, पाटावर ठेवलेल्या फोनसमोर बसल्या होत्या. लोकलनं प्रवास करायला सर्वसाधारण बायकांना परवानगी मिळाली ती २१ ऑक्टोबरला, तीही ठरावीक वेळात. हे सगळं तुम्हीही सोसलंय, मी काय सांगायचं!

जूनमध्ये शाळा सुरू झाली ती मुलांवाचून. पहिलीच्या पटावर १९ नावं होती. त्यांतलं एकही मूल मी डोळ्यांनी पाहिलं नव्हतं. पुस्तकं आली ती पालकांनी रांगेत उभं राहून नेली. पोषण आहाराचे तांदूळ आणि डाळ-कडधान्यही तसंच, पिशव्या घेऊन. मी दारात उभी राहून प्रत्येकीला विचारी, "घरी फोन आहे का हो?" १४ घरांत होता. पण फोन असणं म्हणजे मुलाच्या हातात असणं नव्हे. फोन वडिलांबरोबर कामावर जाई आणि रात्री नऊ-दहाला घरी येई.

उरलेल्या पाच घरांना सह्याद्री वाहिनीवर जुलैत सुरू झालेल्या 'टिलीमिली'ची वेळ कागदावर लिहून दिली. त्यांतल्या तीन घरांत दूरदर्शन संचही नव्हता, हे मी विचारलंच नाही. पाचांपैकी दोन कुटुंबं टाळेबंदीत आपल्या पाड्यावर निघून गेली होती. ती दोन मुलं आमच्या शाळेत पुन्हा कधी आली नाहीत. सिस्टर दोनदा शोधायला जाऊन आल्या.

मी काय केलं, तर धडे माझ्या आवाजात रेकॉर्ड करून पाठवायला लागले. समोरासमोरच्या वर्गाला फोन नाही, मग रात्री ज्याला जमेल त्याने ऐकावं. कल्पना माझीच, आणि मला तिचं भारी कौतुक. सकाळी ओट्यापाशी उभी राहून मी एकीकडे वरण-भात लावायची आणि दुसरीकडे धडा वाचायची. ऐकून मुलांनी वाचावं, आणि वाचतानाचं चित्रण पालकांनी मला पाठवावं. आणि चित्रणं येऊ लागली! इवलीशी मुलं, तेल लावून भांग पाडलेली, मागे चुलीचा उजेड नाहीतर केळीचं पान, हातात पुस्तक, आणि घडाघडा वाचताहेत. मी प्रत्येकाला 'छान!' लिहून खाली टाळ्यांचं चित्र पाठवी. महिन्याच्या अहवालात लिहिलं, वाचन उत्तम.

घरी माझाही मुलगा तेव्हा दुसरीत होता. त्याच्या शाळेकडून रोज कागद भरून मागत. तो कंटाळला की अर्धे मीच भरी, डाव्या हातानं, म्हणजे अक्षर लहान मुलासारखं येतं. हसू नका. तुमच्यापैकी कितीजणींनी केलंय ते मला माहीत आहे.

दुसरी लाट आली तेव्हा आमच्या वाडीतली तरणी माणसं गेली. चौथीतल्या एका मुलाचे वडील गेले. वर्गाच्या गटात त्यांचाच नंबर होता. पंधरा दिवसांनी त्या नंबरावरून गृहपाठाचा फोटो आला. नेहमीसारखाच. वर वडिलांचं नाव, त्यांचा हसरा फोटो, आणि खाली भागाकाराची तीन उदाहरणं. त्याच्या वर्गशिक्षिकेनं मला फोन केला, आणि बराच वेळ आम्ही दोघी काहीच बोललो नाही. मग १७ मेला तौक्ते वादळ आलं. केळी आडव्या झाल्या, वीज गेली, फोन मेले. खरं सांगू, त्या दिवसांत धडे पाठवायचे नव्हते याचं मला बरंच वाटलं. त्याआधीच एप्रिलच्या सुरुवातीला सरकारनं जाहीर केलं होतं की, पहिली ते आठवीची मुलं परीक्षेवाचून वर जाणार. आमची पहिली दुसरीत गेली.

प्रत्यक्ष ती मुलं वर्गात आली ती डिसेंबर २०२१ मध्ये. म्हणजे हिशेब करा, जून २०२० ला पहिलीत नाव घातलेलं मूल दीड वर्षानं, दुसरीचं अर्धं वर्ष उलटल्यावर, पहिल्यांदा बाकावर बसलं. काहींना बाकावर बसायचं कसं तेही ठाऊक नव्हतं. ती पाय वर घेऊन मांडी घालून बसली. डबा खाताना भिंतीकडे तोंड करून खात. खोडरबर कुणी कुणाला देईना. पेन्सिल अशी धरत की जणू उलथनं. अक्षरं ओळीवरून घसरून पानाबाहेर जात.

पहिल्या आठवड्यात मी म्हटलं, नव्या पुस्तकाला हात घालण्याआधी पहिलीचंच उघडा, ओळखीचं आहे तर धीर येईल. एक मुलगी उभी राहिली. हिची चित्रणं सगळ्यांत छान असायची. वेणीला अबोली, मास्क हनुवटीपर्यंत चापून बसवलेला. तिनं वाचायला सुरुवात केली. स्वच्छ, सुरेख, थेट माझ्यासारखे हेल काढत. तिसऱ्या वाक्यात मध्येच थांबली. तिथं स्वल्पविराम नाही, काही नाही. थांबली, आणि म्हणाली, "थांबा हं बाळांनो." आणि पुढचं वाक्य.

मला आधी कळलंच नाही. मग आठवलं. त्या धड्याच्या वेळी कुकरची शिट्टी झाली होती. मी 'थांबा हं बाळांनो' म्हणून गॅस बारीक केला होता, आणि परत कोण रेकॉर्ड करतं म्हणून तसंच पाठवलं होतं.

मी तिच्याजवळ गेले. पुस्तक उघडं होतं, पण पान भलतंच होतं. दुसऱ्या मुलाला उठवलं. तोही तिथंच थांबला. मागल्या बाकावरची एक तर थांबली आणि तोंडानं बारीक शिट्टीही वाजवली. बाकीची हसली. मीही हसले, आणि मग व्हरांड्यात जाऊन उभी राहिले.

पंधरा मुलं त्या दिवशी हजर होती. त्यांतल्या चौघांना वाचता येत होतं. बाकी अकरा मुलांना मी पाठ होते.

अबोलीवालीची आई दुपारी तिला न्यायला आली, डोक्यावर रिकामी टोपली. तिला कसं सांगावं याची मी सकाळपासून उजळणी करत होते, पण सांगितलं ते वाईटच सांगितलं. सरळ म्हटलं, "अहो, हिला वाचता येत नाही."

ती म्हणाली, "टीचर, ती तर सगळं पुस्तक म्हणते."

"म्हणते. वाचत नाही."

तिनं टोपली खाली ठेवली. "रात्री दहाला फोन मिळायचा. दहा-दहा वेळा लावायचे मी तुमचा धडा. पोर पेंगायची, तिला झोपू द्यायची नाही. सकाळी लवकर उठवून परत." आणि मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुम्ही छान छान म्हणायचात ना."

मैत्रिणींनो, याला उत्तर नाही. मला तेव्हा सुचलं नाही, आज लिहितानाही सुचत नाही. ती बाई सातवी शिकलेली. तिच्यानं जेवढं होईल तेवढं, त्याच्याहून जास्त, तिनं केलं होतं. बघायचं काम माझं होतं, आणि मी टाळ्यांचं चित्र पाठवत होते.

हे आमच्याच शाळेत झालं असं नाही. 'असर'ची जी ग्रामीण पाहणी असते, तिच्यात २०१८ साली तिसरीतल्या शंभरांतल्या साधारण २७ मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता येत होता. २०२२ साली ते प्रमाण २०.५ टक्क्यांवर आलं. हा सबंध देशाचा आकडा. पण आकड्यात कुकर ऐकू येत नाही.

सिस्टरना सांगितलं तेव्हा वाटलं, रागावतील. त्या बराच वेळ हजेरीपट चाळत बसल्या आणि मग पालकांची सभा बोलावली. मास्क लावून, अंगणात, आंब्याखाली, लांब लांब खुर्च्या. सरळ सांगितलं की, दुसरीचं पुस्तक बाजूला ठेवतोय, अक्षरओळखीपासून सुरू करणार. एक गृहस्थ तडकन उठले. "कर्ज काढून फोन घेतला, आणि आता परत ग म भ न?" सिस्टर म्हणाल्या, "फोन तुम्ही घेतलात. चूक आमची झाली." एवढंच. त्यावर सभेत कुणी काही बोललं नाही. पण दोघांनी त्या जूनमध्ये मुलं काढून इंग्रजी शाळेत घातली, तेही सांगायला हवं.

पुढं काय केलं, ते तुमच्याही उपयोगी पडेल म्हणून जरा सावकाश सांगते. रोज एक तास इयत्ता मोडून टाकली. ज्याला जेवढं येतं त्याप्रमाणे घोळके केले. चौथीची मुलं महामारीआधी वाचायला शिकलेली, ती लहानांपाशी बसली. जुन्या लग्नपत्रिका कापून मी अक्षरांचे पत्ते केले. तो कागद जाड असतो, घामट हातांत चुरगळत नाही. पण मास्कची पंचाईत! लहान मूल अक्षराचा आवाज कानानं शिकतं, तसंच डोळ्यानंही शिकतं. बोलणाऱ्याचे ओठ कसे होतात ते दिसलं की त्याला आवाज धरायला सोपं जातं. शेवटी मी अंगणात दहा पावलं लांब उभी राहून मास्क खाली करी आणि ओरडून 'फणस' म्हणे. रस्त्यानं जाणारे बघत. जानेवारीत ओमायक्रॉननं पुन्हा कुलूप घातलं तेव्हा या खेपेला मी धडे पाठवले नाहीत. सिस्टर नि मी घरोघर पत्ते वाटून आलो, आणि दोन-दोन मुलांना ओट्यावर बसवून ऐकलं. महिनाअखेरीला शाळा परत उघडली.

हातांत ताकद नव्हती, त्यावर मी आयांना सांगितलं, वही देऊ नका, कणीक मळायला द्या, मटार नि वालाच्या शेंगा सोलायला द्या, कपडे पिळायला द्या. चिमटीत जोर आला की पेन्सिल आपोआप नीट धरली जाते. माझ्या मुलाच्या बाबतीतही हाच उपाय केला. कणीक घट्ट व्हायची, पण खाल्ली आम्ही.

ती मुलं आता प्राथमिक शाळा ओलांडून गेली आहेत. तुमच्या घरी त्या वयाचं कुणी असेल तर एक करून बघा. नेहमीच्या पुस्तकातलं वाचून घेऊ नका. ते पाठ असू शकतं. साबूदाण्याच्या पिशवीमागची कृती द्या, औषधाच्या बाटलीवरची मराठी सूचना द्या, लाइटचं बिल द्या, आणि विचारा, काय म्हणतंय हे? धाकट्याला ओळखीचाच धडा द्यायचा तर शेवटच्या शब्दापासून उलट वाचायला लावा. पाठ असेल तर तिथंच गाडी अडते. मात्र हे चारचौघांत, भावंडांसमोर करू नका. ज्याला वाचायला जमत नाही ते मूल फार हुशारीनं ते लपवतं. त्याचं डोकं दुखतं, त्याला तहान लागते, चष्मा हवा असतो. मोठ्या मुलाला तर ती लाज जन्माची वाटते. आणि अडखळलं तर 'एवढं पण येत नाही?' असं तोंडातून निघू देऊ नका. रात्रीची भांडी आवरल्यावर दहा मिनिटं, रोज, त्याच्याबरोबर एकच पान. पुढचा शब्द तुम्ही सांगायची घाई करू नका. तेच सगळ्यांत अवघड जातं, मला अजून जातं.

अबोलीवाली २०२२ च्या पावसाळ्यात वाचायला लागली. म्हणजे एके दिवशी दुकानापाशी आईचा हात सोडून उभी राहिली आणि मोठ्यानं म्हणाली, "उधारी बंद आहे." आई म्हणे अशी कावरीबावरी झाली! त्या दुकानात तिचीच उधारी होती.

पान लिहिण्याआधी मी तिच्या आईला विचारायला गेले. ती वाडीत केळीचे लोंगर मोजत होती. माझ्याशी ती नीट बोलते, कधी फण्या देते, पण मधूनच एखाद्या बोलण्यात ते 'छान छान' येतं, आणि मी ते ऐकून घेते. म्हटलं, तुमच्या मुलीचं लिहू का? नाव घालणार नाही. ती थोडा वेळ मोजतच राहिली. मग म्हणाली, "लिहा. पण कुकरचं पण लिहा." नवऱ्यानं फोन बदलला तरी तो धडा तिनं नव्या फोनवर घेऊन ठेवलाय. मला लावून दाखवला. मी तीन वाक्यं वाचते, मग शिट्टी होते.

सिस्टरनी नवं पान ठेवून घेतलंय. एक शब्दही खोडला नाही, फक्त शुद्धलेखन तपासायला सांगितलं.

पुढच्या अंकात लोणच्याच्या बरण्या. कैरीच्या लोणच्याला बुरशी का येते असं विचारणारी बरीच पत्रं आली आहेत, तर तेवढ्यात बरण्या उन्हात वाळवून ठेवा.